कॅमेऱ्यामागची खूण

एप्रिल 2021. कोरोनाची दुसरी लाट ऐन भरात होती. सोलापूर-हैदराबाद महामार्गावरच्या जळकोटात सत्तरीतल्या आबांनी अंथरूण धरलं होतं. रात्री ताप चढायचा, पहाटे घाम फुटून उतरायचा. मुलाला सगळं दिसत होतं, पण त्याच्या पोटात वेगळीच धास्ती होती. गल्लीत बातमी फुटली तर दूधवाला दार टाळेल, आबांना कोविड सेंटरला नेतील आणि मग तोंडही बघायला मिळणार नाही. ही भीती उगीच नव्हती. त्या दिवसांत कितीतरी घरांना आपलं माणूस शेवटचं पाहताही आलं नाही.

सुनेनं मोबाइलवर ई-संजीवनी उघडली. पहिल्या टाळेबंदीत, एप्रिल 2020 मध्ये, सरकारनं सुरू केलेली ही मोफत सेवा. मोबाइल नंबर टाकायचा, टोकन घ्यायचं, पाळी आली की डॉक्टर समोर.

"आबा, ताप येतो का?" डॉक्टर मॅडमनी विचारलं.

आबांनी मुलाकडं पाहिलं. तो मोबाइलच्या मागं उभा राहून नकारार्थी मान हलवत होता.

"न्हाई. जरा खोकला हाय, बस."

मॅडमना दिसत होता तो उशीला टेकलेला चेहरा. नाडी हाताशी नव्हती, छातीचा आवाज ऐकू येणार नव्हता. जे कानावर आलं त्यावर त्यांनी औषध लिहून दिलं. ताप आला, दम लागला तर लगेच परत बोला, असंही बजावलं. चिठ्ठी मोबाइलवर आली. मुलाचा जीव भांड्यात पडला.

दोन दिवसांनी आबांना भिंत धरल्याशिवाय चालता येईना. आता सुनेनं कुणाला न विचारता गावच्या आशा कार्यकर्तीला, आशाताईंना, बोलावलं. गावातल्या बाईनं आजाऱ्याकडं बघणं या भागाला नवं नाही. शेजारच्या अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावोगावच्या बायकांना 'भारतवैद्य' म्हणून तयार केलं, ते मोबाइलवर डॉक्टर दिसू लागण्याच्या कितीतरी आधी. डॉक्टर लांब असला तर गावात त्याचे हात-डोळे कुणीतरी व्हावं लागतं.

पुन्हा टोकन, पुन्हा पाळी. या वेळी सून स्वतः मोबाइलसमोर बसली.

"मॅडम, परवा आम्ही ताप लपवला. मामंजींना सहा दिवसांपासून रोज ताप येतोय."

"अगं, गप बस की!" मुलगा ओरडला.

"अहो, मॅडमला आपण सांगू तेवढंच कळणार. आता तरी खरं सांगू द्या."

मॅडम रागावल्या नाहीत. ऑक्सिमीटर आहे का, एवढंच त्यांनी विचारलं. आशाताईंनी आबांच्या बोटाला लावला. ऑक्सिजन 95.

"आता घरातल्या घरात चालवा. इतरांना सहा मिनिटं सांगतो, साठीपुढच्यांना तीन पुरेत. मध्येच धाप लागली तर थांबवा."

दोघांनी दोन्हीकडून धरलं. आबा ओसरीपर्यंत जाऊन आले, परत वळले. तीन मिनिटं भरली आणि आकडा 91 वर आला. चालल्यावर आकडा 93 च्या खाली गेला किंवा तीनपेक्षा जास्त घसरला, तर थांबायचं नाही, रुग्णालय गाठायचं, असं तेव्हा राज्याचं आरोग्य खातं सांगत होतं.

"108 ला फोन लावा," मॅडम म्हणाल्या. "यांना ऑक्सिजन लागणार. तो मला इथून देता येणार नाही."

मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं. 25 मार्च 2020 ला देशात दूरवैद्यकाची नियमावली आली. बोलून भागेल की रुग्णाला प्रत्यक्ष तपासायला हवं, हा निर्णय तिनं डॉक्टरवर सोपवला आहे. पण तो निर्णय घेण्याइतकं खरं त्याच्यापर्यंत पोचलं तरच त्याला तो घेता येतो.

आबा बारा दिवसांनी घरी आले. चालत.

घरात म्हातारं माणूस असेल तर ताप कधी आला, किती होता, कोणती गोळी दिली, हे वहीत लिहीत जा. आणि डॉक्टर मोबाइलवर आले की ती वही त्यांना जशीच्या तशी वाचून दाखवा.