श्वासापुरतं वर यावं

आजचं चिंतन भगवद्गीतेच्या दहाव्या अध्यायातल्या ३१व्या श्लोकावर.

विभूतियोगात भगवंत आपल्या खुणा सांगतात. या एका श्लोकात चार खुणा आहेत: पावन करणाऱ्यांत वारा, शस्त्रधाऱ्यांत राम, जलचरांत मकर आणि प्रवाहांत गंगा. मकर म्हणजे कुणी मगर म्हणतं, कुणी मोठा मासा. मला प्रश्न पडायचा, की वारा आणि जलचर एकाच श्लोकात कसे?

यंदा नवरात्रात आमच्या केडगावच्या रेणुकामातेचं दर्शन घेतलं आणि कोजागरीनंतर आईला घेऊन मालवणला गेलो. सकाळी देवबागहून बोट कर्ली नदीच्या मुखातून समुद्रात शिरली. नावाड्याने इंजिन बंद केलं. थोड्या वेळाने राखाडी पाठ वर आली, फुस्स आवाज झाला, पाठ पुन्हा पाण्यात. शेजारीच एक छोटं पिल्लू. हे कोकण किनाऱ्यावरचे हम्पबॅक डॉल्फिन. थंड समुद्रांतला तो अजस्र ऑर्काही याच कुळातला.

डॉल्फिन मासा नाही. त्याला कल्ले नाहीत, फुप्फुसं आहेत. जन्म पाण्यात, अन्न पाण्यात, पिल्लं पाण्यात. श्वास मात्र वरचा, वाऱ्यातला. आणि तो आपल्यासारखा नकळत चालत नाही, दर वेळी जाणीवपूर्वक वर येऊन घ्यावा लागतो. म्हणून झोपतानाही त्याचा अर्धा मेंदू जागा असतो!

आता माझं सांगतो. गेल्या वर्षी बाबा गेले. तेव्हापासून माळ हातात घेतली तरी नाम ओठांवर येईना. घराचे हप्ते, आईची औषधं, रात्री-अपरात्री सर्व्हर बंद पडल्याचे कॉल. वाटायचं, हे सगळं जरा निवळू दे, मग बसू निवांत.

डॉल्फिन लाटा थांबायची वाट बघत नाही. तो समुद्र सोडूनही जात नाही. श्वासापुरता वर येतो, तेवढ्यावर पुन्हा खोल जातो. त्या पिल्लालाही कुणी पुस्तकातून शिकवलं नसेल. आई वर येते, तिच्या कुशीला लागून तेही येतं. आपल्या संतांनी आपल्यासाठी दुसरं काय केलं?

बोटीत बाबांच्या आठवणीने डोळे भरले आणि त्याच उसाशाबरोबर तोंडून 'विठ्ठल' निघालं. एकदाच. दुःख होतं तिथेच आहे, पण छातीत हवा आली. श्लोकातला वारा आणि जलचर एकत्र का, याचं माझ्यापुरतं उत्तर मिळालं. हे भाष्य नव्हे हं, फक्त भाव.

आजचा नेम: दिवसातून तीनदा, काम चालू असतानाच, एका श्वासापुरतं वर या. एक नाम घ्या आणि परत कामाला लागा. संसार सोडायला कुणी सांगितलं नाहीये. फक्त त्यात गुदमरायचं नाही.

राम कृष्ण हरि!