निदण आणि परका

गेल्या उन्हाळ्यात आमच्या मंडळीच्या रविवारच्या शाळेतील मुलांना घेऊन मी सुरतेहून डुमसच्या किनाऱ्यावर गेलो होतो. खाडीच्या काठाने चालताना एका मुलाच्या चपलेतून काटा आरपार गेला. काटा वेड्या बाभळीचा होता. आपले गुजराती शेजारी तिला 'गांडो बावळ' म्हणतात. मुलगा रडवेला होऊन म्हणाला, "गुरुजी, ही झाडे उपटून का टाकत नाहीत?" दुसऱ्याने नुकताच शिकलेला दाखला आठवून उत्तर दिले, "निदण कापणीपर्यंत ठेवायचे असते!" तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "पण हे झाड बाहेरून आलेले आहे. बाहेरच्यांना काढलेच पाहिजे."

यावर सगळी मुले गप्प झाली. त्यांतील बहुतेकांचे आईबाप नवापूर, नंदुरबार, धुळ्याकडून येथे यंत्रमागांवर कामाला आलेले आहेत. 'बाहेरचे' हा शब्द त्यांनी स्वतःविषयी ऐकलेला आहे. त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. ते येथे देण्याचा प्रयत्न करतो.

प्रथम या झाडाची हकीकत पाहू. ते मूळचे अमेरिका खंडातले. आपल्या देशात एकोणिसाव्या शतकात आणले गेले. आपल्याच गुजरात राज्यात, कच्छच्या उत्तरेस, बन्नी नावाचे सुमारे २५०० चौरस किलोमीटरचे विस्तीर्ण गवताळ रान आहे. रणातील खार पुढे सरकू नये म्हणून १९६१ साली वनखात्याने तेथे ३१ हजारांहून अधिक हेक्टरांवर वेडी बाभूळ लावली. हेतू चांगला होता. परंतु गुरे तिच्या गोड शेंगा खातात, बी शेणातून तसेच बाहेर पडते आणि जेथे पडेल तेथे रुजते. अशा रीतीने ती लावलेल्या जागेबाहेर दूरवर पसरली. तिच्या दाट जाळीखाली गवत टिकत नाही. शेंगा फार खाल्ल्या तर गाईंना बाधतात. ज्यांचे पोट गुरांवर, त्या मालधारी लोकांची चराई आखडत गेली.

मग तोडून का टाकत नाहीत? तोडली की बुंध्यातून अनेक फांद्या फुटतात. ती मुळासकट खणावी लागते. मातीत राहिलेले बी पावसाळ्यानंतर उगवते, ते दरवर्षी उपटावे लागते. आणि मोकळ्या जागी गवत पेरावे लागते. शिवाय याच लाकडाचा कोळसा पाडून कित्येक गरीब कुटुंबे जगतात. झाड राहिले तर एकाची चराई जाते, झाड गेले तर दुसऱ्याची चूल विझते.

आता मुलांच्या प्रश्नांकडे वळू. बाहेरून येणे हा दोष आहे काय? आपली मिरची, बटाटा, पेरू, भुईमूग ही सर्व अमेरिकेतून आली. खानदेशी माणसाची ज्वारीसुद्धा मूळची आफ्रिकेतली. त्यांना कोणी परके म्हणत नाही. वेडी बाभूळ काढायची ती ती परकी म्हणून नव्हे, तर ती दुसऱ्याला जागा उरू देत नाही म्हणून. आणि हाही तिचा अपराध नव्हे. झाड आपल्या स्वभावाप्रमाणे वाढते. लावणारा हात माणसाचा होता. म्हणून ते उपटताना राग नको. आपल्या चुकीची भरपाई म्हणून ते करावे, आणि ज्याची चूल त्या कोळशावर आहे त्याची सोय आधी पाहावी.

दाखल्याचे काय? प्रभूने त्याचा अर्थ स्वतःच उलगडून सांगितला आहे. तेथे शेत म्हणजे जग आणि निदण म्हणजे माणसे. दासांना थांबवले ते अशासाठी की, घाईने उपटणाऱ्या हाताकडून गहूही उपटला जातो. तेव्हा आपले शेत न निंदणाऱ्या आळशाने या दाखल्याआड लपू नये. पण त्याहून मोठी चूक म्हणजे शेतातले खुरपे माणसांवर चालवणे. बाभळीचे कधी गवत होणार नाही; माणूस मात्र पश्चात्ताप करू शकतो, शिकू शकतो, शेजारी होऊ शकतो. कोण निदण आणि कोण गहू हे ठरवण्याचे काम आपल्याकडे सोपवलेलेच नाही.

येत्या रविवारी मी त्या मुलीला हे सांगणार आहे. तिला हेही सांगेन की, परक्याशी नीट वागा, कारण तुम्हीही मिसर देशात परके होता, असे देवाने आपल्या लोकांना पुन्हा पुन्हा बजावले आहे. सुरतेत राहणाऱ्या आपल्या मुलांना मिसर देश नकाशावर दाखवण्याची गरज पडू नये. पण गावाकडून कालपरवा आलेल्या, बोली वेगळी असलेल्या कुटुंबाला आपल्याच मंडळीत कोणत्या बाकावर जागा मिळते, हे शिक्षकांनी आणि वडील मंडळींनी त्याच रविवारी पाहावे.