माहुली तिथेच आहे

भिवंडीत धामणकर नाक्यावरच्या एखाद्या इमारतीच्या गच्चीवर जा. हिवाळ्यातली सकाळ असू दे. पाठ टेकायला कठडा शोधा आणि बसा. खालून हॉर्न येतील, मागांचा खटखटाट येईल. त्यांना अडवू नका.

आता तोंड ईशान्येला करा. नजर आधी जवळच ठेवा: मेट्रो-५ चे खांब, त्यांवर चढलेली धूळ, शेजारच्या गच्चीवरच्या टाक्या. मग तिला हळूहळू पुढे सोडा. जिथे ती अडते, तिथे तुम्हीही थांबा. फिकट, करडं, काठ नसलेलं काहीतरी आहे तिथे. त्याच्या पलीकडे, पंचवीस-तीस किलोमीटरवर, माहुली उभा आहे. पाहिला असेल तर डोळे मिटून आठवा: भटोबा, नवरा, नवरी, करवली, ते सुळक्यांचं वऱ्हाड. १६३६ साली शहाजीराजांनी निजामशाही वाचवण्याची शेवटची झुंज ज्या गडावरून दिली, तो हाच. तो कुठेही गेलेला नाही.

डोळे उघडा. आता डोंगर शोधू नका, मधल्या हवेकडेच पाहा. तिच्यात ट्रकांचा धूर आहे, खोदलेल्या रस्त्यांची माती आहे, पेटवलेला कचरा आहे आणि सायझिंगच्या चिमण्यांचा धूर आहे. ताण्याच्या सुताला खळ चढवायची तर वाफ लागते, वाफेला बॉयलर, बॉयलरला जळण. लाकूड महाग वाटलं की काही ठिकाणी चिंध्या आणि प्लास्टिकही आत जातं. अंगातल्या कपड्याला हात लावा. त्याचं सूत कदाचित याच गावातून गेलं असेल. हात थोडा वेळ तिथेच राहू द्या.

यातले बरेच बारीक कण साधारण प्रकाशाच्या लहरींच्या मापाचे असतात. डोंगरावरून आपल्याकडे निघालेला प्रकाश ते वाटेतच विखरून टाकतात आणि भलतीकडचा उजेड डोळ्यांत आणतात. हवेत ओल असली की त्यांतले काही फुगतात आणि पडदा दाट होतो. डोंगर आणि आकाश यांच्या उजळपणातला फरक साधारण दोन टक्क्यांखाली गेला, की डोळ्याला डोंगर उरत नाही. एक संथ श्वास घ्या. हेच कण आता आत गेले.

आपल्या २००९ च्या हवा मानकांत संवेदनशील निसर्गक्षेत्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची वार्षिक मर्यादा ५० ऐवजी २० मायक्रोग्रॅम आहे. सूक्ष्म कणांसाठी मात्र शहराला आणि रानाला एकच ४०. दिसण्याबद्दल तर अक्षर नाही. अमेरिकेने राष्ट्रीय उद्यानांतली दृश्यता जपणं १९७७ मध्येच कायद्यात घातलं. तानसा आणि तुंगारेश्वर ही अभयारण्यं आणि माहुली यांच्यासाठी आपणही ते मागायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

इथे एक आठवण मनात येऊ द्या. एप्रिल २०२० च्या टाळेबंदीत जालंधरहून धौलाधारची बर्फाळ शिखरं दिसली. त्याच दिवसांत भिवंडीचे माग बंद होते आणि कामगार नाशिक महामार्गाने पायी गावाकडे निघाले होते. चुली विझवून मिळालेली ती निर्मळ हवा मला नको. माग चालू राहून डोंगर दिसला पाहिजे. सुरतेत २०१९ पासून कारखान्यांच्या धूलिकणांवर एकत्रित मर्यादा घातली गेली आणि उत्सर्जनाच्या परवान्यांची खरेदी-विक्री सुरू झाली. त्यात बहुतेक कापड कारखानेच होते. कारखाने चालूच राहिले आणि त्यांचे धूलिकण २० ते ३० टक्क्यांनी घटले. म्हणजे जमतं.

उठण्याआधी वहीत जवळून दूरपर्यंतच्या खुणांचे तीन रकाने पाडा: कामतघर, तुंगारेश्वर, माहुली. हवामान खात्याचे निरीक्षकही ठराविक अंतरांवरच्या खुणा पाहून दृश्यता ठरवतात. रोज त्याच वेळी यातलं काय दिसलं ते लिहा. पावसाळ्यात सर धुऊन गेल्यावरही लिहा. महिन्याच्या शेवटी ते पान महापालिकेत नेऊन द्या आणि पोच घ्या.