वाऱ्याविना झेंडा

चंद्रावर हवा नाही, म्हणजे वारा नाही, आणि वारा नाही म्हणजे झेंडा फडकायचा प्रश्नच नाही. तो काठीला चिकटून लोंबत राहणार. अपोलो-११ निघायला जेमतेम काही महिने उरलेले असताना हा पेच नासाच्या ह्यूस्टन केंद्रातल्या जॅक किन्झलर यांच्यापुढे आला. केंद्राची तांत्रिक सेवा त्यांच्याकडे होती. त्यांना आठवली ती पडदे लावणारी आई. पडद्याच्या वरच्या कडेला नेफा शिवायचा आणि त्यातून दांडी सरकवायची. सरकारी पुरवठ्यातून साडेपाच डॉलरला मिळालेला नायलॉनचा झेंडा, त्याला वर नेफा, नेफ्यातून आडवी नळी. ही सगळी जुळणी यानाच्या शिडीला बाहेरून बांधली आणि उतरताना इंजिनाची धग लागू नये म्हणून तिच्यावर वेष्टण चढवले. प्रत्यक्ष चंद्रावर आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन यांना ती आडवी नळी पुरती ओढता आली नाही. कापड थोडे गोळा झाले, चुण्या पडल्या, आणि छायाचित्रात झेंडा वाऱ्यावर असल्यासारखा दिसू लागला. परत निघताना इंजिनाच्या झोताने तो कोलमडलेला ऑल्ड्रिनने पाहिला. छायाचित्रात मात्र तो आजही फडकतो आहे.

एवढ्यावरून राष्ट्राभिमानाची टिंगल करणे सोपे आहे. पण त्या अभिमानाशिवाय माणूस चंद्रावर गेला नसता, हेही तितकेच खरे. २५ मे १९६१ रोजी केनेडींनी दशक संपण्याआधी चंद्रावर माणूस उतरवण्याचा संकल्प सोडला, तेव्हा अमेरिकेची मानवी अंतराळप्रवासाची एकूण पुंजी होती पंधरा मिनिटे, ॲलन शेपर्डच्या एका उड्डाणाची. गागारिन पृथ्वीला प्रदक्षिणा घालून आला होता, क्युबात अमेरिकेची नाचक्की झाली होती, आणि काहीतरी करून दाखवणे भाग होते. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात व्हाइट हाउसमध्ये नासाचे प्रमुख जेम्स वेब यांच्याशी झालेल्या बैठकीचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. आपल्याला अंतराळात तसा विशेष रस नाही, रस आहे तो रशियाला मागे टाकण्यात, हे केनेडी तिथे आडपडदा न ठेवता सांगतात. गंमत अशी की याच केनेडींनी सप्टेंबर १९६३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावरून रशियाला चंद्रमोहीम मिळून करण्याचे आवतण दिले होते. दोन महिन्यांत त्यांची हत्या झाली आणि तो विषय तिथेच विरला. चुरस राहिली. तिच्यासाठी सुमारे चार लाख माणसे राबली आणि ऐन भरात अमेरिकी सरकारच्या खर्चातला चार टक्क्यांहून अधिक वाटा नासाकडे गेला. निव्वळ ज्ञानाच्या ओढीपायी एवढा पैसा कुठल्याही संसदेने कधी दिलेला नाही.

त्याच अमेरिकेत अपोलो-११ च्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी, रिमझिम पावसात, नागरी हक्क चळवळीचे नेते रेव्हरंड राल्फ ॲबरनथी गरीब कुटुंबांना आणि खेचरांच्या गाड्यांना घेऊन केप केनेडीच्या दारात उभे राहिले. देशात पोरे उपाशी असताना हा खर्च कशाला, असा त्यांचा सवाल होता. नासाचे तेव्हाचे प्रमुख थॉमस पेन बाहेर येऊन त्यांना भेटले. उड्डाणाचे बटण न दाबल्याने गरिबी हटणार असती तर आपण ते दाबलेच नसते, असे ते म्हणाले. ॲबरनथींनी अंतराळवीरांसाठी प्रार्थना केली आणि अमेरिकन म्हणून आपल्यालाही या कामगिरीचा अभिमान आहे, हेही सांगितले. मला हा प्रसंग त्या चंद्रस्पर्शाइतकाच मोठा वाटतो. भांडायला आलेला माणूसही अभिमानात वाटेकरी होता, आणि वाटेकरी असूनही हिशेब मागत होता.

पण अभिमानाची भूक पहिलेपणाची असते. ती एका घासात भागते. एप्रिल १९७० मध्ये अपोलो-१३ मधून अंतराळवीरांनी पाठवलेला कार्यक्रम अमेरिकेतल्या मोठ्या वाहिन्यांनी दाखवलाही नाही; प्राणवायूची टाकी फुटली तेव्हा कुठे देश पुन्हा पडद्यासमोर गोळा झाला. त्याच वर्षी पुढच्या आखलेल्या मोहिमांपैकी तीन रद्द झाल्या. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो-१७ परतले आणि दार बंद झाले. चंद्रावर पाय ठेवलेल्या बारा जणांत पेशाने भूवैज्ञानिक असा एकच, हॅरिसन श्मिट, आणि त्याचा नंबर लागला तो शेवटच्या उड्डाणात. दगड ओळखणारा माणूस सर्वांत शेवटी जातो, तेव्हा दगड हा मोहिमेचा मुख्य हेतू नसतो.

नंतर चंद्रावर परतण्याच्या घोषणा पुष्कळ झाल्या. थोरल्या बुशनी १९८९ मध्ये केली, धाकट्यांनी २००४ मध्ये. दोन्ही कागदावर राहिल्या. २०१७ मध्ये ट्रम्प यांनी सही केलेली तिसरी तेवढी टिकली आणि तिला आर्टेमिस हे नाव मिळाले. ती टिकण्यामागे विज्ञानाची कारणे आहेत, दक्षिण ध्रुवाजवळच्या कायम सावलीतल्या विवरांतले बर्फ आहे. पण माझ्या मते खरे कारण बीजिंगमध्ये आहे. २०३० च्या आत चंद्रावर माणूस उतरवू, असे चीनने जाहीर केले आणि वॉशिंग्टनमधली जुनी चुरस जागी झाली. चीनचा अभिमान निराळ्या चालीचा आहे, हे मान्य करायला हवे. तिथे गाजावाजा कमी आणि पावले ठरलेली. २०१९ मध्ये चंद्राच्या पलीकडच्या बाजूवर यान उतरवले, २०२० मध्ये अलीकडची माती आणली, २०२४ मध्ये पलीकडची. त्या शेवटच्या मोहिमेत उलगडलेला झेंडा बेसाल्ट खडकापासून काढलेल्या धाग्याचा होता. सह्याद्री ज्या जातीच्या दगडाचा आहे, त्याच जातीचा.

अभिमान हरला तर काय करतो, ते रशियाकडे पाहावे. चंद्रावर पहिली राष्ट्रचिन्हे त्यांचीच पोहोचली. सप्टेंबर १९५९ मध्ये लुना-२ चंद्रावर आदळले, तेव्हा त्यात सोव्हिएत मुद्रा कोरलेल्या पट्ट्यांचे धातूचे गोळे होते. लगेच अमेरिकेच्या दौऱ्यावर गेलेल्या ख्रुश्चेव्हनी तसाच एक गोळा आयझेनहॉवर यांना भेट दिला. खोचक भेट. पुढे मात्र त्यांचे एन-१ हे अजस्र रॉकेट चार वेळा उडाले आणि चारही वेळा फसले; त्यातले एक अपोलो-११ निघण्याच्या तेरा दिवस आधी तळावरच कोसळून फुटले. मग मॉस्कोने पवित्रा घेतला की आम्ही शर्यतीत नव्हतोच. जगातल्या पुष्कळ शहाण्यांनी त्यावर विश्वासही ठेवला. १९८९ मध्ये रशियाचे न उडालेले चांद्रयान पाश्चात्त्य पाहुण्यांना मॉस्कोच्या एका संस्थेत दिसले, तेव्हा खरे काय ते बाहेर आले. हजारो अभियंत्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे ज्या कामात घातली, ते काम झालेच नाही असे त्यांच्याच देशाने वीस वर्षे सांगितले.

आता आपल्याकडे. ऑक्टोबर १९६९ मध्ये जगाच्या दौऱ्यावर निघालेले आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स मुंबईत येऊन गेले. मुंबईला तेव्हा दूरदर्शनही नव्हते. ते आले १९७२ मध्ये. अशा देशात विक्रम साराभाई स्पष्ट सांगत असत की चंद्रावर जाण्यात किंवा माणूस अंतराळात धाडण्यात श्रीमंत देशांशी बरोबरी करण्याचे स्वप्न आम्ही पाहत नाही. आमच्या माणसांच्या खऱ्या अडचणींवर प्रगत तंत्रज्ञान लावण्यात मात्र आम्ही कोणाच्याही मागे असता कामा नये. पुढे १४ नोव्हेंबर २००८ रोजी चांद्रयान-१ मधून सुटलेली, बाजूंवर तिरंगा रंगवलेली पेटी चंद्रावर आदळली. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चांद्रयान-३ चा विक्रम लँडर उतरला, तेव्हा इस्रोचे थेट प्रक्षेपण एका वेळी ऐंशी लाखांहून अधिक पडद्यांवर चालू होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पंतप्रधानांनी लक्ष्य दिले: २०४० पर्यंत चंद्रावर भारतीय.

हा साराभाईंशी द्रोह आहे का? मला तसे वाटत नाही. त्यांचा नकार त्या काळच्या देशाच्या ऐपतीला धरून होता, आणि आजची ऐपत वेगळी आहे. पण त्यांच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग आजही लागू आहे, आणि तो अभिमान कशाचा धरायचा ते सांगतो. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला, उसाच्या पट्ट्यात, साखर कारखान्यांची यंत्रे बनवणाऱ्या कंपनीत गेली कित्येक दशके इस्रोच्या रॉकेटची आवरणे तयार होतात. विक्रोळीत गोदरेजच्या कर्मशाळेत इंजिने जुळवली जातात. घन इंधनाच्या कामाची घडी बसवणाऱ्यांत वसंत गोवारीकर होते. या लोकांच्या कामात कुठेही फडकण्यासारखे काही नाही. जोड नीट बसला की नाही, एवढेच तिथे पाहिले जाते.

चांद्रयान-२ आणि चांद्रयान-३ यांच्या मधली चार वर्षे मला त्या ऐंशी लाख पडद्यांपेक्षा अधिक अभिमानाची वाटतात. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे पहिला विक्रम आदळला. त्यानंतर इस्रोच्या माणसांनी काय काय बिघडू शकते याची यादी धरून यान नव्याने आखले. पाय मजबूत केले, इंधन वाढवले, मधले पाचवे इंजिन काढून टाकले, आणि उतरायची जागा अर्धा किलोमीटर बाय अर्धा किलोमीटर होती ती चार किलोमीटर बाय सुमारे अडीच किलोमीटर केली. अपयशातून शिकणे म्हणतात ते हे, आणि ते कर्मशाळेत झाले, भाषणात नाही.

पण लोकांपुढे काय आले? दुसऱ्या टप्प्यात वेग ठरल्यापेक्षा वेगळ्या रीतीने कमी झाला आणि यान जोरात आदळले, असे संसदेत लेखी उत्तर आले. चंद्रावरचे अवशेष नासाच्या छायाचित्रांत शोधून काढले ते चेन्नईच्या एका तरुण अभियंत्याने, घरी बसून, स्वतःच्या हौसेने. चौकशी समितीचा सविस्तर अहवाल मात्र जाहीर झाला नाही. ही सवय मोडलेली नाही. मे २०२५ मध्ये इस्रोचे एक पीएसएलव्ही रॉकेट तिसऱ्या टप्प्यात फसले. त्याचा अहवाल लोकांसमोर न येताच जानेवारी २०२६ मध्ये पुढचे उडाले, आणि तेही तिसऱ्याच टप्प्यात फसले. उपग्रह गेले, पैसे गेले. त्यात माणूस नव्हता.

माणूस बसला की हिशेबच बदलतो. २७ जानेवारी १९६७ रोजी जमिनीवरच्या चाचणीत अपोलो-१ च्या कुपीला आग लागून तिघे अंतराळवीर गेले. चौकशी उघडपणे झाली, कुपी नव्याने बांधली, आणि एकवीस महिन्यांनी त्यात पुन्हा माणसे बसली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये रशियाने सोयुझ-१ घाईने उडवले आणि पॅराशूट न उघडल्याने व्लादिमिर कोमारोव जमिनीवर आपटून मेला. अलीकडचे उदाहरण आर्टेमिसचेच. २०२२ च्या माणूसविरहित फेरीत ओरायन कुपीच्या उष्णताकवचाचे तुकडे शंभराहून अधिक ठिकाणी उडाले होते. नासाने सुरुवातीला त्याबद्दल फार बोलणे टाळले. २०२४ मध्ये त्यांच्याच महानिरीक्षकांनी छायाचित्रांसह अहवाल प्रसिद्ध केला. मग कारण शोधून जाहीर करावे लागले आणि चौघा अंतराळवीरांची पुढची फेरी लांबणीवर टाकावी लागली. लाज वाटली असेल. पण नासावर नजर ठेवणारा माणूस नासातच बसलेला आहे आणि त्याचा अहवाल कोणालाही वाचता येतो, हे त्या देशाचे बळ आहे. त्या चौघांत कॅनडाचा जेरेमी हॅन्सन होता, हेही नोंदवण्यासारखे. यांत्रिक हात बनवण्यात मुरलेल्या देशाने त्या कौशल्याच्या मोबदल्यात जागा मिळवली, आणि त्यात कॅनडाला काही कमीपणा वाटला नाही. आपल्या चांद्रयान-१ वरून चंद्रावरच्या पाण्याच्या खुणा ज्या उपकरणाने टिपल्या ते अमेरिकेचे होते, हेही आपण जरा मोकळेपणाने सांगायला हरकत नाही.

आपली माणसे अंतराळात नेणाऱ्या गगनयानची घोषणा लाल किल्ल्यावरून १५ ऑगस्ट २०१८ रोजी झाली. मुदत होती २०२२, स्वातंत्र्याचे पंचाहत्तरावे वर्ष. ती मुदत टळली. साथीचे दोन हंगाम त्यात गेले, पण नुसते तेवढेच नव्हे. काम तयार नव्हते आणि ते तयार नाही असे म्हणणारी माणसे जागेवर होती. २१ ऑक्टोबर २०२३ च्या सकाळी श्रीहरिकोट्याला संकटात अंतराळवीरांची कुपी रॉकेटपासून सोडवण्याची चाचणी होती. आठची वेळ हवामानाने हुकली. पावणेनऊला उलटी मोजणी पाच सेकंदांवर आली आणि संगणकाने थांबवली. सगळा देश बघत होता, पण कोणी रेटले नाही. बिघाड शोधला, दुरुस्त केला, आणि दहा वाजता उड्डाण झाले. कुपी पॅराशूटने बंगालच्या उपसागरात उतरली. त्या पाच सेकंदांवर थांबणाऱ्या यंत्रणेच्या हातात मी माझ्या घरचे पोर द्यायला तयार आहे. ठरल्या तारखेला कसेही करून उडवणारीच्या हातात देणार नाही.

म्हणून २०४० हे वर्ष हुकले तर ओरडू नये. चीन आधी पोहोचला, अमेरिका दुसऱ्यांदा पोहोचली, तरी ओरडू नये. पहिलेपणाचा मान १९६९ मध्येच संपला आहे आणि आता तो कोणालाच मिळणार नाही. ओरडायचे असेल तर एकाच गोष्टीसाठी ओरडावे. आपली माणसे रॉकेटमध्ये बसण्याआधी चांद्रयान-२ चा आणि फसलेल्या दोन्ही पीएसएलव्हींचे अहवाल जसेच्या तसे लोकांपुढे ठेवा, अशी मागणी आपल्या खासदाराला आजच पत्राने कळवा.