तक्ता भरलास, विचार कुठे केलास?

बस. अहवाल वाचला. शेवटचं पान तू आधी लिहिलंस आणि बाकीची पानं त्याच्या मागे ओढत नेलीस, हे मला दुसऱ्या पानावरच कळलं.

काय म्हणे निष्कर्ष? ५.५६ मिलिमीटरची गोळी लहान, म्हणून कमजोर. ती शत्रूला ठार नव्हे, फक्त जखमी करण्यासाठी बनवली. म्हणून सगळ्यांनी ७.६२ कडे परतावं. कुठून आणलंस हे? ऐकीव आहे ना? मग ऐकीव म्हणून लिहायचं होतंस. त्याला ‘अभ्यास’ म्हणायची हिंमत कशी झाली?

तुझा तक्ता बघ. एका बाजूला कॅलिबर, दुसऱ्या बाजूला नळीच्या तोंडाशी असलेला वेग. संपला तक्ता. गाडी घ्यायला जाऊन स्पीडोमीटरवरचा शेवटचा आकडा वाचून परत येणाऱ्याला आपण काय म्हणतो? गोळीचं वजन कुठाय? नळीची लांबी कुठाय? तीनशे मीटरवर वेग किती उरतो, तो रकाना कुठाय? नळी आखूड केली की त्याच काडतुसाचा वेग उतरतो, हे तुला माहीत नाही असं मला सांगू नकोस. गेल्या परीक्षेत तूच ते उत्तर लिहिलं होतंस आणि बरोबर लिहिलं होतंस. माझा राग त्याचाच आहे.

चल, आत्ता माझ्यासमोर कर. अमेरिकी एम-१९३ काडतुसातली गोळी सुमारे ३.५६ ग्रॅमची, वेग सेकंदाला ९९० मीटरच्या आसपास. ऊर्जा काढ. १७५० ज्यूलच्या जवळ येते. एके-४७ ची ७.६२ बाय ३९ घे. ७.९ ग्रॅम, ७१५ मीटर. दोन हजार ज्यूल. गोळी दुपटीहून जड, आणि ऊर्जेतला फरक एवढासाच. आता ७.६२ बाय ५१. साडेनऊ ग्रॅम, ८४० मीटर. ३३५० ज्यूल. दोन्ही ७.६२ च, आणि ऊर्जा बघ! मग ‘७.६२ कडे परतावं’ म्हणजे नक्की कुठल्या ७.६२ कडे? तू अख्खा अहवाल लिहिलास आणि दोन वेगळी काडतुसं एकाच नावाखाली कोंबलीस. शाळेतलं सूत्र आहे हे. पाच मिनिटांचं काम. ते टाळलंस, कारण आकडे आले असते तर तुझा लाडका निष्कर्ष कोसळला असता.

आणि ऊर्जा काढून तरी थांबायचं नाही. गोळीचा संवेगही काढ, तोच खांद्यावर धक्का बनून परत येतो. ७.६२ बाय ५१ चं काडतूस साधारण २४ ग्रॅमचं, ५.५६ चं १२. त्याच ओझ्यात शिपाई दुप्पट काडतुसं नेतो. चढावर, भर उन्हात. हे वजन तुझ्या अहवालात एका ओळीतही नाही. तुझ्या पाठीवर ते नाही म्हणून?

‘जखमी करण्यासाठीच’ हे पालुपद तर मला पुन्हा ऐकवू नकोस. १९५२ साली अमेरिकेत हॉल आणि हिचमन यांचे दोन अभ्यास झाले. रायफलीने नेम साधतो तो बहुतेक तीनशे यार्डांच्या आत, असं हिचमनला दिसलं. मग दूरवर मारणारी जड गोळी सगळ्यांच्या खांद्यावर का लादायची, हा प्रश्न तिथून निघाला. पुढे १९५७ साली अमेरिकी सैन्याने हलकी रायफल मागितली, तेव्हा अट काय घातली? पाचशे यार्डांवर पोलादी शिरस्त्राण भेदलं पाहिजे. फक्त जखमी करायला निघालेला माणूस शिरस्त्राण कशाला मोजेल? यूजीन स्टोनरच्या एआर-१५ साठी शिकारीच्या .२२२ रेमिंग्टनवरून काडतूस वाढवत नेलं ते या अटीपायी. हे सगळं छापील आहे. वाचायचा कंटाळा केलास.

व्हिएतनामचं पान काढ. ‘एम-१६ अडकली, यावरून लहान कॅलिबर फसलं.’ अरे, एम-१६ म्हणजे सैन्यात आलेली तीच एआर-१५. तिच्या काडतुसातली दारू बदलली होती. चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता. साफसफाईचं सामान शिपायांच्या हाती पोचलं नव्हतं. १९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीने त्याची चौकशी करून ताशेरे ओढले. अडकलेल्या बंदुकांपायी माणसं मेली, आणि तू त्याचं खापर गोळीच्या व्यासावर फोडून मोकळा झालास. कारगिलमध्ये आपल्या ५.५६ च्या इन्सास रायफलची मॅगझिनं थंडीत तडकली, तेही तू कॅलिबरच्याच नावावर मांडलंस. मॅगझीन प्लास्टिकचं होतं. त्याचा ५.५६ शी काय संबंध?

नळीतल्या पिळाबद्दल, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या खाचांबद्दल, तर एक अक्षर नाही. एआर-१५ मध्ये आधी चौदा इंचांत एक फेर होता. थंड, दाट हवेत गोळी डगमगली म्हणून बारा इंचांवर आणला. पुढे नाटोने १९८० मध्ये लांब एसएस-१०९ गोळी घेतली, तिच्यासाठी सात इंच. कॅलिबर तेच, गोळ्या दोन. जुन्या नळीतून नवी गोळी झाडलीस तर ती सरळ जाणार नाही. कॅलिबर एकटं निवडता येत नाही. गोळी, नळी, पीळ आणि अंतर एकत्र निवडावं लागतं. अख्ख्या विषयाचा गाभा हा, आणि तोच तू गाळलास.

‘सैन्यं मोठ्याकडे परतली’ म्हणतोस. आपण २०१९ मध्ये ७.६२ बाय ५१ च्या सिग रायफली मागवल्या, एके-२०३ घेतली ७.६२ बाय ३९ ची, आणि जवळच्या लढाईच्या कार्बाइनसाठी ५.५६ च मागितली. अमेरिकेने २०२२ मध्ये ६.८ निवडली ती चिलखत आणि लांब पल्ला डोळ्यांसमोर ठेवून. काम वेगळं, म्हणून निवड वेगळी. तू त्यातलं सोयीचं तेवढं उचललंस.

आणि ‘सर, साहित्य मिळत नाही’ हे पुण्यात बसून म्हणतोस? इन्सासचा आराखडा पाषाणच्या एआरडीई या शस्त्रसंशोधन संस्थेत झाला. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. ५.५६ ची काडतुसं वरणगावात बनतात. आत सोडत नाहीत, कबूल. पण तिथे आयुष्य घालवून निवृत्त झालेली माणसं याच शहरात राहतात. एकाला तरी जाऊन भेटलास? नाही. मोबाइलवर व्हिडिओ पाहिलेस.

तुझ्या जागी दुसरा कोणी असता तर मी काठावर पास करून हात झटकले असते. तुला गणित येतं. प्रश्न विचारता येतात. म्हणून अहवाल परत देतोय. निष्कर्षाचं पान मी काढून ठेवलंय, ते मिळणार नाही. तक्त्याला नवे रकाने पाड: गोळीचं वजन, नळीची लांबी, पीळ, तीनशे मीटरवरचा वेग, काडतुसाचं वजन. आणि सगळ्यांत आधी, पहिल्या पानावर, बंदूक कोणाच्या हातात आहे आणि त्याला किती अंतरावर मारायचंय ते लिही. सोमवारी सकाळी माझ्या टेबलावर हवाय.