कर नाही, तरी डर

पोलीस भरतीला उतरलेल्या पोरांना आणि पोरींना तीनदा निकालाची वाट बघावी लागते. पहिली वाट मैदानी चाचणीची. पोरांना सोळाशे मीटर, पोरींना आठशे, मग शंभर मीटर आणि गोळाफेक, मिळून 50 गुण. वेळ आणि अंतर समोरच मोजलेलं असतं, म्हणून घरी येईपर्यंत आपला अंदाज आलेला असतो. दुसरी वाट लेखीची, 100 गुणांची. उत्तरतालिका आली की टपरीवर बसून मोबाईलवर बेरीज होते. तिसरी वाट चारित्र्य पडताळणीची. तिची बेरीज कुणालाच करता येत नाही. या पेपरचं उत्तर उमेदवाराइतकं दुसऱ्या कुणालाच माहीत नसतं, आणि तरी निकाल दुसराच लावतो.

आमच्या धाराशिव जिल्ह्यात या दिवसांत घरातली मोठी माणसं एकच गोष्ट सांगतात, "कर नाही त्याला डर कशाला?" धीर द्यायलाच म्हणतात बिचारी. पण मला ही म्हण पटत नाही. नुसती पटत नाही असं नाही, ती धोकादायक वाटते. कारण ती उलटी वाचली की अर्थ होतो, ज्याला डर आहे त्याने काहीतरी केलेलं असणार.

अमेरिकेत या उलट्या म्हणीचं यंत्रच बनवलं गेलं. 1921 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहरात जॉन लार्सन या पोलिसाने पॉलिग्राफ वापरायला सुरुवात केली. आज तिथल्या कितीतरी पोलीस खात्यांत नोकरीआधी उमेदवाराला या यंत्रासमोर बसवतात. छातीला पट्टे, दंडाला रक्तदाबाचा पट्टा, बोटांना तारा. कधी चोरी केलीस का, नशा केलीस का, असे प्रश्न. मग घरी जायचं आणि वाट बघायची. विशेष म्हणजे 1988 च्या कायद्याने तिथल्या बहुतेक खासगी कंपन्यांना ही चाचणी घ्यायला बंदी केली, सरकारी खात्यांना मात्र त्यातून सूट दिली.

हे यंत्र खोटं पकडत नाही. ते श्वास, नाडी, रक्तदाब आणि घाम मोजतं. म्हणजे मोजतं डर, आणि सांगतं कर. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने 2003 च्या अहवालात एक हिशेब मांडला होता. समजा 10,000 कर्मचाऱ्यांत 10 हेर आहेत. त्यातले 8 सापडावेत इतकी चाचणी कडक केली, तर त्यांच्यासोबत जवळपास 1,600 निर्दोष माणसंही संशयित ठरतील. आणि खरा हेर? सीआयएतला ऑल्ड्रिच एम्स रशियासाठी हेरगिरी करत असताना 1986 आणि 1991 मध्ये दोन्ही वेळा ही चाचणी पास झाला होता. कर होता, डर दिसला नाही.

हसायचं कारण नाही, कारण आपल्याकडेही हे होतं. मराठेशाहीत वतनाचा तंटा कागदांनी, साक्षींनी मिटला नाही की दिव्य करायला लावत. रवादिव्यात उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा. मग हाताला पिशवी बांधून त्यावर मोहर लावायची आणि दोन-तीन दिवसांनी सगळ्यांसमोर ती उघडायची. हात शाबूत असला तर माणूस खरा, भाजला असला तर खोटा. मला त्या मधल्या दिवसांतला माणूस डोळ्यांसमोर येतो. वतन आपलं आहे हे त्याला पक्कं माहीत असेल. पण पिशवीतल्या कातडीचं काय झालंय, हे त्याला कसं कळणार?

शपथेचं तसं नाही. आमच्याकडे भावकीच्या भांडणात आजही "बेलभंडारा उचल", "भवानीआईची शपथ घे" म्हणतात. शपथ माणसाला विचारते, तू बोल. दिव्य आणि यंत्र माणसाला गप्प बसवून त्याच्या शरीराला विचारतात. सर्वोच्च न्यायालयाने 5 मे 2010 रोजी सेल्वी खटल्यात हाच फरक धरला. संमतीशिवाय पॉलिग्राफ, नार्को किंवा ब्रेन मॅपिंग करता येणार नाही, कारण राज्यघटनेच्या कलम 20(3) नुसार आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही.

आपल्या भरतीत तारा नाहीत. कागद आहे, साक्षांकन नमुना. तुम्हाला कधी अटक झाली का, तुमच्यावर खटला आहे का, असं तो विचारतो आणि माहिती लपवली तर अपात्र ठराल, असंही बजावतो. माझ्यासोबत पहाटे धावणाऱ्या एका मित्रावर पीकविम्यासाठीच्या रास्ता रोकोत गुन्हा दाखल आहे. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. कुणी सांगितलं, लिहू नको, कोण बघतंय. त्याने गुन्हा नंबर, कलमं, सगळं लिहिलं. आता तो वाट बघतोय. गेटबाहेर गाडी थांबली तरी उठून बसतो.

न्यायालयांतही या प्रश्नावर ओढाताण झाली आहे. 2011 मध्ये निकाल लागलेल्या प्रकरणात संदीप कुमार या दिल्ली पोलिसांतल्या उमेदवाराने जुनी केस लपवली होती. तरी न्यायालयाने तरुण वयातल्या चुकांकडे क्षमेने बघावं म्हणून त्याच्या बाजूने निकाल दिला. 2013 मध्ये मेहर सिंग प्रकरणात न्यायालय म्हणालं की पोलिसाचं चारित्र्य निष्कलंक हवं, निर्दोष सुटलेल्यालाही खातं नाकारू शकतं. 2016 मध्ये अवतार सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी मेळ घातला. माहिती खरीच द्यायची. पण कोवळ्या वयात दिलेल्या घोषणांसारखी बाब क्षुल्लक असेल, तर ती लपवली तरी खातं दुर्लक्ष करू शकतं. आणि खरं सांगितलं तरी नेमणूक द्यायलाच हवी असं बंधन नाही.

शेवटचं वाक्य कठोर आहे, पण मला ते चूक वाटत नाही. ज्याच्या हातात काठी आणि कोठडीची किल्ली द्यायची, त्याला पारखायचा हक्क समाजाला आहेच. माझा प्रश्न पारखण्याबद्दल नाही, त्या मधल्या दिवसांबद्दल आहे. लपवणाऱ्याला एकच भीती असते, सापडण्याची. खरं सांगणाऱ्याने तर स्वतःची दोरी दुसऱ्याच्या हातात दिलेली असते. म्हणून अनेकदा त्याचीच भीती मोठी असते. खरं बोलून मन हलकं होतं म्हणतात, ते ऐकणारा काय करणार हे माहीत असेल तरच. तेव्हा खरं मागणाऱ्यावरही एक कर्ज चढतं. ठरलेल्या मुदतीत उत्तर द्यायचं, आणि नकार असेल तर कारण लेखी द्यायचं. ते फेडलं नाही, तर पुढच्या वर्षीची पोरं "लिहू नको" हाच सल्ला ऐकतील, आणि खातं स्वतःच्या हाताने लपवणाऱ्यांची भरती करेल.

मित्राची निवड होईल की नाही, मला माहीत नाही. झाली, तर कधीतरी त्याच्या टेबलासमोर एखादं पोरगं बसेल. घामाघूम, अडखळत बोलणारं, नजर चुकवणारं. शेजारचा सहकारी म्हणेल, बघ कसा घाबरलाय, यानेच केलंय. त्या वेळी माझ्या मित्राला हे दिवस आठवावेत, एवढीच माझी इच्छा आहे.