गरज सरल्यावरची समता

माणसाचा वंशाभिमान क्षणात गळून पडावा अशा जागा या जगात थोड्याच आहेत. रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग ही त्यांपैकी एक. तेथे रुग्णाच्या घशात नळी असते, श्वास यंत्र घेत असते, कूस बदलण्याचीही ताकद अंगात उरलेली नसते. रात्री दोन वाजता यंत्राची घंटा वाजते आणि एक परिचारिका धावत येते. ती कोणत्या देशाची, कोणत्या रंगाची, कोणत्या कुळाची, हा प्रश्न त्या क्षणी रुग्णाच्या मनाला शिवत नाही. आपण मात्र हा प्रश्न बरे झाल्यावर विचारतो. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे.

एप्रिल २०२० मध्ये ब्रिटनचे तत्कालीन पंतप्रधान बोरिस जॉन्सन कोरोनाने आजारी होऊन लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील अतिदक्षता विभागात होते. १२ एप्रिल रोजी घरी परतताना त्यांनी, आपला जीव कोणत्याही क्षणी जाऊ शकत असताना ४८ तास उशाशी उभे राहिलेल्या दोन परिचारकांचे नाव घेऊन आभार मानले. त्यांपैकी एक न्यूझीलंडची होती, दुसरा पोर्तुगालचा. त्या देशाच्या सर्वात बलाढ्य माणसाची शुश्रूषा परदेशातून आलेल्या हातांनी केली होती.

यात नवल असे काही नव्हते. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली आणि प्रारंभापासूनच परदेशी मनुष्यबळावर उभी राहिली. प्रथम आयर्लंडमधून आणि कॅरिबियन बेटांवरून तरुणी आल्या. पुढे आफ्रिका, फिलिपिन्स आणि आपल्या भारतातून, विशेषतः केरळमधून, परिचारिका येत राहिल्या. आज तेथील एखाद्या मोठ्या शहराच्या अतिदक्षता विभागात एका पाळीत अर्धे जग एकत्र उभे असते. परंतु इतिहासाची दुसरी बाजूही आहे. कॅरिबियन बेटांवरून आलेल्या अनेक मुलींना तीन वर्षांच्या पूर्ण प्रशिक्षणाऐवजी दोन वर्षांच्या दुय्यम प्रशिक्षणात ढकलण्यात आले. त्या दुय्यम पात्रतेला बढतीचा मार्ग जवळजवळ बंद होता, आणि हे त्यांतील कित्येकींना फार उशिरा कळले. सेवा हवी होती, बरोबरी नको होती.

२०२० मध्येही हेच दिसले. लोक दारात उभे राहून परिचारिकांसाठी टाळ्या वाजवत होते. त्याच वेळी परदेशातून व्हिसावर आलेल्या परिचारिकेला, ज्या आरोग्य सेवेत ती स्वतः राबत होती तिचाच लाभ घेण्यासाठी, वर्षाला ४०० पौंड अधिभार द्यावा लागत होता; कर ती भरत होतीच. २० मे रोजी पंतप्रधानांनी संसदेत या आकारणीचे समर्थन केले आणि टीका वाढल्यावर दुसऱ्याच दिवशी सरकारने आरोग्य कर्मचाऱ्यांना त्यातून सूट जाहीर केली. चूक दुरुस्त झाली, हे चांगलेच. पण विचार करण्यासारखे हे की, कृतज्ञता खरी असूनही न्याय विसरला जाऊ शकतो. आपल्या भाषेत यासाठी जुनी म्हण आहेच: गरज सरो, वैद्य मरो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. निरनिराळ्या वंशांच्या लोकांनी एकत्र काम करावे, याचा आधार कोणता? बहुतेक लोक उपयोगाचे उत्तर देतात. मनुष्यबळ कमी आहे, परदेशी माणसे ते भरून काढतात. रुग्णाची भाषा जाणणारी परिचारिका असली की शुद्धी-बेशुद्धीच्या सीमेवर घाबरलेला रुग्ण शांत होतो. हे सर्व खरे आहे. परंतु माणसाचे मोल केवळ उपयोगावर ठरवले, तर उपयोग संपताच मोलही संपते. ज्या समतेचा पाया गरज आहे, ती गरजेइतकीच टिकते.

कुरआन आपल्याला वेगळा पाया देतो. सूरह अर्-रूमच्या २२व्या आयतीत भाषांचे व रंगांचे वैविध्य हे अल्लाहच्या निशाण्यांपैकी म्हटले आहे. सूरह अल्-हुजुरातच्या १३व्या आयतीचा आशय असा की, सर्व मानव एका स्त्री-पुरुषापासून निर्माण झाले, त्यांची राष्ट्रे व कबिले एकमेकांची ओळख व्हावी यासाठी केले गेले आणि अल्लाहजवळ प्रतिष्ठा आहे ती तकव्याची. येथे शब्द आहे ‘तआरुफ’, अर्थात परस्परांना ओळखणे. केवळ एकमेकांना सहन करणे म्हणजे तआरुफ नव्हे. ओळखणे म्हणजे दुसऱ्याविषयी शिकणे, आणि शिकल्यानंतर आपले अपुरे ज्ञान दुरुस्त करणे.

ही ओळख नसली तर काय होते, याचे उदाहरण अतिदक्षता विभागातच सापडते. बोटाला चिमटा लावून रक्तातील प्राणवायू मोजणारे ऑक्सिमीटर कोरोनाच्या काळात आपल्या घराघरांत पोहोचले. हे यंत्र कातडीतून प्रकाश सोडून मोजणी करते आणि कातडीतील रंगद्रव्य त्या प्रकाशात व्यत्यय आणू शकते. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील मिशिगनच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या तपासणीत असे आढळले की, यंत्र प्राणवायू ठीक दाखवत असताना रक्तात तो धोकादायकरीत्या कमी असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या नोंदींत ३.६ टक्के होते, तर कृष्णवर्णीयांच्या नोंदींत ११.७ टक्के. यंत्राला द्वेष नसतो. पण ज्यांनी ते घडवले व वापरले, त्यांच्या डोळ्यांसमोर एकाच रंगाची कातडी ‘सामान्य’ म्हणून होती. शरीर निळे पडणे ही प्राणवायू घटल्याची खूण. गडद वर्णाच्या रुग्णात ती गालावर नव्हे, तर जीभ, हिरड्या व पापणीच्या आतील भागात शोधावी लागते. जिने असे चेहरे आयुष्यभर जवळून पाहिले आहेत, तिला हे सहज ठाऊक असते; इतरांनी ते तिच्याकडून शिकायचे असते. म्हणून तआरुफ हा सभेत बोलण्यापुरता सुविचार नाही. त्याच्या अभावी माणसे दगावू शकतात.

येथे कोणी रास्त आक्षेप घेईल: जीवन-मरणाच्या ठिकाणी केवळ योग्यता पाहावी, वंश कशाला पाहायचा? आक्षेप मान्य आहे. अमानत तिच्या हक्कदाराकडे सोपवावी, ही कुरआनचीच आज्ञा आहे. परंतु योग्यता पाहण्यासाठी नजर निर्मळ असावी लागते. इंग्लंडच्या आरोग्य सेवेची स्वतःची आकडेवारी सांगते की, पदे जसजशी वर जातात तसतसे गौरेतर कर्मचाऱ्यांचे प्रमाण घटत जाते. रुग्णाच्या उशाशी रात्र काढण्यास जी योग्य, ती विभाग चालवण्यास अयोग्य कशी ठरते? प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत उसामा बिन जैद (रजि.) यांना सेनापती नेमले, तेव्हा काहींनी नाके मुरडली. त्यांचे वडील मुक्त केलेले गुलाम, आई हब्शी वंशाची, शिवाय वय कोवळे. प्रेषितांनी (स.) नेमणूक मागे घेतली नाही, उसामा त्या पदास योग्य आहेत, असे सर्वांसमक्ष स्पष्ट केले. योग्यतेचा न्याय तो हाच.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. काही रुग्ण परिचारिकेचा रंग पाहून तिचा हात झिडकारतात. रुग्णाला आपली निवड नाही का? स्त्री रुग्णाने लज्जारक्षणासाठी स्त्री परिचारिका मागणे आणि एखादीचा वंश पाहून तिला नाकारणे, या दोन गोष्टी एक नाहीत. पहिलीत परिचारिकेचा अपमान नाही. दुसरीत तिच्या निर्मात्याच्या निशाणीचा उपमर्द आहे. हजरत अबू जर (रजि.) यांनी एकाला त्याच्या आईवरून हिणवले, तेव्हा तुमच्यात अजून अज्ञानकाळ शिल्लक आहे, या आशयाच्या शब्दांत प्रेषितांनी (स.) त्यांना फटकारले. एवढे थोर सहाबी या दोषापासून सावध केले जातात, तेथे आपली काय कथा!

वाचकहो, इथवर वाचताना आपल्याला बरे वाटले असेल, कारण दोष इंग्रजांचा होता. आता नजर स्वतःकडे वळवू. मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांत केरळच्या परिचारिका वर्षानुवर्षे आपल्या आई-वडिलांचे मलमूत्र काढत आल्या आहेत. त्यांच्या बोलण्याची, रंगाची नक्कल करून आपण घरात हसलो नाही काय? स्थळ पाहताना आधी बिरादरी आणि मग मुलीचा गोरेपणा विचारणारी घरे आपलीच नाहीत काय? आणि मुलीने परिचारिका होण्याची इच्छा बोलून दाखवली, तर ‘डॉक्टर हो, पण हे काम नको’ असे आपण का म्हणतो? हजरत रुफैदा (रजि.) यांचा तंबू मस्जिदे नबवीच्या आवारात होता. खंदकच्या युद्धात घायाळ झालेल्या हजरत सअद बिन मुआज (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) शुश्रूषेसाठी तेथेच ठेवले. ज्या सेवेला प्रेषितांच्या मशिदीत जागा मिळाली, तिला आपल्या घरात कमीपणा का मिळावा?

मशीद झाडणाऱ्या एका कृष्णवर्णीय स्त्रीची हकीकत हदीसमध्ये आहे. ती वारली, तेव्हा लोकांनी बाब किरकोळ समजून प्रेषितांना (स.) कळवलेही नाही. त्यांनी तिची चौकशी केली, मला का सांगितले नाही असे विचारले आणि तिच्या कबरीवर जाऊन तिच्यासाठी प्रार्थना केली. तिची गरज तर संपली होती. मशीद झाडायला आता ती येणार नव्हती. तरीही तिची ओळख संपली नव्हती. गरज सरल्यावरची समता ती हीच.

तेव्हा पुढच्या वेळी आपले माणूस रुग्णालयातून बरे होऊन घरी येईल, तेव्हा पेढे वाटण्याआधी रात्री जागलेल्या परिचारिकेचे नाव विचारावे, तिचे गाव विचारावे, ते नाव मुलांना सांगावे. आणि घरात कोणी तिच्या रंगाची वा बोलीची थट्टा केली, तर तेथेच थांबवावे. अल्लाह आपल्या अंतःकरणांतून अज्ञानकाळाचे अवशेष दूर करो. आमीन.